पुण्यात इंग्रजी हवेलीची बाग कुठून आली? चिंचवडच्या चापेकरांशी तिचं नातं काय?

इंग्लंडमध्ये जुन्या उमरावांच्या हवेल्या आणि त्यांच्या बागा पाहायला पर्यटक तिकीट काढून जातात. पिंपरी-चिंचवडकरांना अशी जागा पाहायची तर औंधमार्गे गणेशखिंडीपर्यंत गेलं तरी पुरे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे एकेकाळचं 'गव्हर्न्मेंट हाउस'.

हे कुणी आणि का बांधलं?

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यात मुक्काम करत. त्यांच्यासाठी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात, १८६४ मध्ये हे काम सुरू झालं आणि १८७१ मध्ये संपलं. आराखडा जेम्स ट्रुबशॉ यांचा. आइल ऑफ वाइट बेटावरचं राणी व्हिक्टोरियाचं ऑस्बोर्न हाउस डोळ्यांसमोर ठेवून ही इमारत उभारली गेली. खर्चावरून तेव्हा बरीच टीकाही झाली. उंच मनोरा, समोर हिरवळ आणि भोवती मोठी झाडं अशी रचना आजही दिसते.

चिंचवडचा संबंध काय?

२२ जून १८९७ च्या रात्री इथे राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ होता. पुण्यात प्लेगची साथ होती. घराघरांत सैनिकांकरवी होणाऱ्या झडत्यांमुळे लोकांत मोठा संताप होता. समारंभ आटोपून परतताना प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट जागीच, तर रँड ३ जुलैला मरण पावला. गोळ्या झाडणारे दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर हे चिंचवडचे. दामोदर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. पुढच्या वर्षी बाळकृष्ण, वासुदेव हे भाऊ आणि साथीदार महादेव रानडेही फासावर गेले. चिंचवडमधला चापेकर वाडा आज स्मारक आहे.

बाग वाचली कशी?

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झालं आणि ही वास्तू त्याला मिळाली. त्यामुळे सुमारे ४११ एकरांच्या या परिसराचे प्लॉट पडले नाहीत. जवळचीच गणेशखिंड बाग १८७३ मध्ये वनस्पती उद्यान म्हणून सुरू झाली. तिथे आता फळ संशोधन केंद्र आहे. २०२० मध्ये राज्य सरकारने या बागेतल्या ३३ हेक्टर जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ नुसार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून राज्य सरकार असा दर्जा देऊ शकतं.

जाताना काय लक्षात ठेवावं?

दोन्ही ठिकाणी रोजचं काम चालतं. इमारतीत विद्यापीठाची कार्यालयं आहेत, तर बाग संशोधनाची आहे. आत जाण्याआधी परवानगी विचारलेली बरी. सकाळी चापेकर वाडा आणि दुपारनंतर गणेशखिंड असा बेत आखला, तर १८९७ च्या त्या रात्रीच्या दोन्ही बाजू एकाच दिवसात समजतात.