नेट बंद? आधी दिवे पाहा

वाय-फाय रुसलं की पहिला उपाय ठरलेला: राउटर बंद करून पुन्हा सुरू. बहुतेकदा तो लागूही पडतो. पण त्याआधी डब्यावरच्या दिव्यांकडे नजर टाकावी.

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ अक्षरांपाशी लाल दिवा लुकलुकत असेल, तर प्रकाशाचा सिग्नलच घरात पोहोचत नाही. बारीक फायबर वायर कपाटामागे दुमडली किंवा बाहेर तुटली असावी. इथे पासवर्ड बदलून काही साधत नाही. कंपनीत तक्रारच नोंदवावी लागते.

दिवे ठीक, तरी नेट नाही? लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडावा. केबलवर चाललं, तर दोष वाय-फायचा. लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता दिसला, तर राउटरकडून त्याला पत्ता मिळालेलाच नाही.

वेग मंदावण्याला अनेकदा शेजारपाजारचे राउटर कारण असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे नेहमीचे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात चालतो, म्हणून दूध तापवताना व्हिडिओ अडखळू शकतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आणि तुलनेने मोकळा, मात्र भिंतींपुढे लवकर नमतो. राउटर टीव्हीमागे न कोंबता घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावा.