हात थांबतो, संसार हलतो

डोक्यात यंत्र बसवलं की माणूस त्याच्या ताब्यात जातो, असं अनेकांना वाटतं. पण कंपवातासाठीचं डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) ना विचार वाचतं, ना मनात काही पेरतं. मेंदूच्या खोल भागात जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची तार सोडतात, छातीच्या कातडीखाली बॅटरी ठेवतात आणि तिथून बहुधा सेकंदाला 130च्या आसपास क्षीण विद्युतस्पंद जातात. फ्रान्समधल्या ग्रनोब्लला आलीम-लुई बेनाबिद यांनी 1987 मध्ये या उपचाराची वाट उघडली. कंप आणि ताठरपणा यामुळे कमी होतो. आजार मात्र बरा होत नाही.

खरा घोटाळा दुसऱ्याच समजुतीत आहे. हाताचा कंप थांबला की सगळं सुरळीत होईल, असं घरचे धरून चालतात. पॅरिसमध्ये 29 रुग्णांवर झालेला अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. हालचाली सुधारल्या होत्या, तरी अनेकांना आपण स्वतःलाच परके झाल्यासारखं वाटत होतं. नोकरीत असलेल्या 16 जणांपैकी 9 जणच कामावर परतले, कित्येकांच्या संसारात ताण आला. वर्षानुवर्षं एक आजारी आणि दुसरा सांभाळणारा अशी बसलेली घडी एकाएकी मोडते, तेव्हा दोघांनाही नव्याने जमवून घ्यावं लागतं. डॉक्टर हाताचा कंप मोजतात. घरातलं हे कुणी विचारतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तरीही प्रत्येक बदलाचं खापर यंत्रावर फोडणंही चूक. कंपवाताच्या काही गोळ्यांनीसुद्धा जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागू शकतो आणि खुद्द आजारही उमेद खातो. पण कधी यंत्राचा हात स्पष्ट दिसतो. मंत्रचळासाठी (ओसीडी) डीबीएस केलेला, साठीला टेकलेला एक डच गृहस्थ आयुष्यभर बीटल्स, रोलिंग स्टोन्स ऐकत आलेला. काही महिन्यांनी त्याला जॉनी कॅशच्या गाण्यांचं वेड लागलं, इतकं की दुसरं काही ऐकेना. यंत्राचे स्पंद बंद पडले की जुनी आवड परत यायची. त्याला मात्र या बदलाचं दुःख नव्हतं. बदलला म्हणजे माणूस हरवला, असं नसतं.

यंत्र काढलं की सगळं पूर्ववत, हाही गैरसमजच. मेलबर्नमधल्या चाचणीत अपस्माराच्या झटक्याची आगाऊ सूचना देणारं उपकरण बसवलेल्या एका बाईंना ते जणू स्वतःचाच भाग वाटू लागलं होतं. ते बनवणाऱ्या कंपनीचा पैसा संपला, उपकरण काढावं लागलं. ते राहावं म्हणून त्यांनी धडपड केली. काढल्यावर आपलंच काहीतरी गेल्याचं दुःख त्यांना झालं. कंपनी बुडाली तर उपकरणाचं काय, याचं उत्तर ऑपरेशनच्या संमतिपत्रातच लिहिलेलं असायला हवं.