उतरता उतरता विमान परत वर का जातं? ढगात यंत्र बंद पडल्यावर पायलट काय करतात, समजून घ्या

आता आपल्या गावागावातली पोरं विमानाने जातात-येतात. पावसाळ्यात कधी असं होतं की धावपट्टी जवळ आली, चाकं बाहेर निघाली आणि विमान एकदम परत वर गेलं. आत बसलेल्यांचा जीव घाबरा होतो. पण बऱ्याच वेळा तोच निर्णय जीव वाचवतो.

११ सप्टेंबर २०१८ ची गोष्ट. एअर इंडियाचं दिल्ली-न्यूयॉर्क विमान, आत ३७० प्रवासी. साधारण १५ तासांचा प्रवास करून विमान पोचलं, तर न्यूयॉर्कवर ढग अगदी खाली आलेले. आणि नेमकी तेव्हाच यंत्रं दगा देऊ लागली.

ढगातून धावपट्टी दिसत नाही. म्हणून धावपट्टीजवळचे अँटेना रेडिओ लहरी सोडतात. विमान डावी-उजवीकडे किती सरकलं, वर आहे की खाली, हे त्यावरून कळतं. याला आयएलएस म्हणतात. दुसरं यंत्र रेडिओ अल्टिमीटर. ते जमिनीकडे लहर सोडतं आणि ती परत यायला लागलेल्या वेळावरून उंची सांगतं.

त्या दिवशी आयएलएसचा आधार गेला. रेडिओ अल्टिमीटर एकच भरवशाचा राहिला. वारा अचानक बदलल्याचा इशारा देणारी यंत्रणाही बंद. इंधन तर उतरत चाललेलं.

कॅप्टन रुस्तम पालिया आणि सहकाऱ्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे विमान वर नेलं. मग काय काय बंद आहे, इंधन किती कमी आहे, ते कंट्रोलला स्पष्ट सांगितलं. काही लपवलं नाही. आजूबाजूच्या विमानतळांचं हवामान विचारलं आणि शेजारच्या न्यूअर्कला जायचं ठरवलं.

आयएलएस नसताना उतरायचं कसं? विमान साधारण ३ अंशाच्या उताराने खाली येतं. म्हणजे दर सागरी मैलाला (सुमारे १.८५ किलोमीटर) अंदाजे ३०० फूट. धावपट्टी ५ मैलांवर असेल तर उंची १५०० फुटांच्या आसपास पाहिजे, ३ मैलांवर ९०० फूट. एक पायलट विमान चालवतो, दुसरा अंतर आणि उंची ताडून बघतो. ठरलेल्या किमान उंचीपर्यंत धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर परत वर. न्यूअर्कला धावपट्टी दिसली आणि सगळे सुखरूप उतरले.

आता दुसरी बाजू बघा. २५ फेब्रुवारी २००९, हॉलंडमधलं ॲमस्टरडॅम. तुर्की एअरलाइन्सचं विमान सुमारे २००० फुटांवर असताना एक रेडिओ अल्टिमीटर उणे ८ फूट दाखवत होता. विमान जमिनीला टेकतंय असं समजून स्वयंचलित यंत्रणेनं इंजिनची ताकद कमी केली. पायलट उतरण्याच्या तयारीत गुंतलेले. वेग घसरतोय हे वेळेत ध्यानात आलं नाही. विमान धावपट्टीच्या सुमारे दीड किलोमीटर अलीकडे नांगरलेल्या शेतात पडलं. १३५ पैकी ९ जण गेले, त्यात कॉकपिटमधले तिन्ही पायलट होते.

इंजिनं धड होती. चौकशीत म्हटलं की १००० फुटांवर सगळं जागेवर नव्हतं, तेव्हाच वर जायला पाहिजे होतं.

दोन्हीकडे यंत्र बिघडलं. एका ठिकाणी ते वेळेत ओळखून पायलट वर गेले, दुसऱ्या ठिकाणी उशीर झाला.

म्हणून विमान परत वर गेलं तर घाबरून उभं राहू नका. पट्टा बांधून बसा. आणि घरचं माणूस विमानात असेल, उशीर होत असेल, तर चिडू नका. उशिरा का होईना, घरी आलं म्हणजे झालं.