तबेल्यातले शेण आणि पाण्याचा हिशोब

अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगावच्या वाचकांना तबेल्याचा वास ओळखायला शिकवावे लागत नाही. शहरातल्या म्हशी दाट वस्तीबाहेर नेण्यासाठी १९४९ साली गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. तिथल्या गोठ्यांत सुमारे १६ हजार जनावरांची सोय केलेली. एक म्हैस दिवसाला साधारण १५ किलो शेण टाकते. गुणाकार करून पाहा: गोठे भरलेले असतील तर रोज २४० टन! म्हणजे दहा टनांचे चोवीस ट्रक.

हे शेण जाते कुठे? गोठा साफ करण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे पाणी सोडून शेणमूत गटारात लोटणे. ओशिवरा नदी आरेच्या टेकड्यांत उगम पावून मालाडच्या खाडीला मिळते. मिठी नदी आरेच्या कडेने मरोळकडे उतरते. या दोन्हींत, आणि बोरिवलीच्या बाजूला दहिसर नदीत, तबेल्यांचे शेण वर्षानुवर्षे जात आले आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. शेणावर जगणारे जीवाणू तो बघता बघता संपवतात, मग माशांना काय उरणार?

बरे, धुण्याचे पाणी उघड्या तळ्यात साठवले तर? तळाशी प्राणवायू पोचत नाही. तिथे दुसऱ्या जातीचे जीवाणू मिथेन तयार करतात आणि तो हवेत निसटतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो.

हाच मिथेन झाकणाखाली धरला की झाला गोबरगॅस. मुंबईला ही कल्पना नवी नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून मिळालेल्या वायूवर दिवे लावले होते! पुढे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने (त्याचे मुख्य कार्यालय विलेपार्ल्यातच आहे) तरंगत्या टाकीचे संयंत्र देशभर पोचवले. शेणकाल्यावर एक लोखंडी टाकी उपडी ठेवलेली असते. वायू साठला की ती वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. वायूचा दाब म्हणजे टाकीचे वजन भागिले तिचे क्षेत्रफळ. दर चौरस मीटरला १०० किलो भार पडला, तर १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका दाब मिळतो. शेगडीला तेवढा पुरतो. पंप नको, वीज नको. एका म्हशीच्या शेणापासून रोज सुमारे ६०० लिटर वायू मिळतो. त्यात दोन माणसांचा स्वयंपाक होतो.

मग प्रत्येक तबेल्यात संयंत्र का नाही? जागा, पैसा ही कारणे आहेतच, पण मला पाण्याचे कारण महत्त्वाचे वाटते. संयंत्रात शेण आणि पाणी समप्रमाणात घालतात. एका म्हशीमागे रोज ३० लिटर काला झाला आणि तो ४० दिवस आत राहायचा असेल, तर टाकी हवी १२०० लिटरची. आता गोठा धुतलेले १०० लिटर पाणीही त्यातच सोडा. रोजचा भरणा १३० लिटर होतो आणि काला नऊ दिवसांतच बाहेर पडतो. मिथेन करणारे जीवाणू फार सावकाश वाढतात. वाढण्याआधीच ते वाहून जातात. म्हणून शेण आधी फावड्याने कोरडेच उचलायचे आणि जमीन नंतर धुवायची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली दुग्धशाळा आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही शेण गटारात सोडू नये आणि पाणी बेताने वापरावे असेच सांगितले आहे.

वायू काढून घेतला तरी शेणातला नायट्रोजन काल्यात शिल्लक राहतो, म्हणजे खत तयारच. पण उपनगरात शेत कुठे? वसई-पालघरकडे न्यायचे तर टँकरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच वाहून न्यावे लागते. वाळवून न्यावे, तर जून ते सप्टेंबर ऊन नाही. त्या चार महिन्यांसाठी छपराखालचे वाफे लागतात, आणि त्यांना लागणारी जागा अंधेरीच्या भावाने मोजावी लागते.