बदनाम बटाटा आणि सोवळा साबुदाणा

मधुमेहाचं निदान झालं की घरातून पहिली हकालपट्टी होते ती बटाट्याची. डॉक्टरांनी आहाराचा कागद हातात देण्याआधीच शेजारपाजारच्यांचा निकाल तयार असतो : 'बटाट्यात साखर असते, बंद करा.' आणि तीच मंडळी एकादशीला पेशंटसमोर बशीभर साबुदाण्याची खिचडी ठेवतात. का, तर उपवासाचं हलकं असतं! हे वाक्य ऐकलं की कोपरापासून हात जोडावेसे वाटतात.

जरा हिशेब करू. उकडलेल्या बटाट्यात पाऊण भाग पाणीच असतं. १०० ग्रॅममागे कर्बोदकं साधारण २० ग्रॅम आणि कॅलरी ८५च्या आसपास. शिवाय पोटॅशियम आणि थोडं 'क' जीवनसत्त्व. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातून मुद्दाम वेगळा काढलेला स्टार्च. प्रथिनं जवळपास शून्य. माणशी ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा धरला, तर त्यातून ६५ ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात. तेवढ्यासाठी तीन मध्यम बटाटे उकडून खावे लागतील. खिचडीत तूप आणि बटाट्याच्या फोडी असतात त्या वेगळ्याच. त्यातल्या त्यात गुणाचं काही असेल तर दाण्याचं कूट, आणि नेमकं तेच 'पित्त होतं' म्हणून कमी केलं जातं.

म्हणजे बटाटा निर्दोष का? नाही. गरमागरम, मऊ बटाटा चटकन पचतो आणि रक्तातली साखरही चटकन चढवतो. उकडून गार केला तर त्यातला थोडा स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, म्हणून चढ जरा सौम्य होतो. पण 'बटाटा' असा एकच पदार्थ धरून बोलण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या दोन लाखांहून अधिक आरोग्य व्यावसायिकांच्या काही दशकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२५मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आठवड्यातून तीनदा फ्रेंच फ्राइज खाणाऱ्यांत टाइप-२ मधुमेहाचं प्रमाण २० टक्के अधिक आढळलं. उकडलेल्या, भाजलेल्या किंवा कुस्करलेल्या बटाट्याशी तसा ठळक संबंध दिसला नाही. उलट बटाट्याच्या जागी पांढरा भात धरला, तर धोका वाढलेला दिसला. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तरी 'बटाटा सोडला, आता भात घेते' म्हणणाऱ्यांनी तो वाचावा.

भाकरीवाल्यांनीही फार खूश होऊ नये. ज्वारी-बाजरीतही दोन तृतीयांशाच्या आसपास कर्बोदकंच असतात. २०२५मध्येच प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह-पाहणीनुसार भारतीयांना सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते, आणि भाताऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ एवढी अदलाबदल केल्याने मधुमेहाचा धोका घटलेला दिसला नाही. कर्बोदकं थोडी कमी करून त्या जागी डाळ, उसळ, दही आलं, तर फरक दिसतो. बटाट्याची भाजी, तिच्याबरोबर तीन पोळ्या आणि वर भात, असं ताट असेल तर एकट्या बटाट्याला बोल लावून काय होणार?

बाकीचे गैरसमज उरकून टाकू. चिरलेला बटाटा पाण्यात ठेवल्याने 'साखर निघून जाते', हे खोटं. फक्त वरवरचा स्टार्च धुतला जातो. रताळं गोड म्हणून वर्ज्य, हेही खोटं, बेताने खावं. वडापावात बटाट्यामुळे वजन वाढतं म्हणणाऱ्यांना मैद्याचा पाव आणि कढईतलं तेल दिसत नसावं.

'शुगर फ्री' म्हणून चढ्या भावाने विकला जाणारा बटाटा ही तर शुद्ध चलाखी. चिप्सोनासारखे वाण वेफर्स तळताना काळे पडू नयेत म्हणून तयार केलेले. त्यांत मुक्त साखर कमी असते, स्टार्च भरपूरच. पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोजच होतं.

भ्यायचंच असेल तर हिरव्या पडलेल्या, कोंब फुटलेल्या बटाट्याला भ्यावं. त्यातलं सोलानिन हे विषारी द्रव्य उकडून जात नाही. हिरवा भाग थोडा असेल तर खोल कापून काढावा. फार असेल किंवा चव कडू लागली, तर बटाटा टाकून द्यावा.