दगडाला फुटलेला घाम

स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी फरशी निवडावयास गेले म्हणजे दुकानदार समोरच्या साऱ्याच शिळांना सरसकट ‘ग्रॅनाइट’ म्हणतो. त्यांपैकी काहींवर सारख्या ठिपक्यांची रांगोळी असते. त्या खऱ्या ग्रॅनाइटच्या. काहींवर मात्र गुलाबी, पांढऱ्या व काळ्या रेघा ताक घुसळताना उठणाऱ्या भोवऱ्यांसारख्या वळलेल्या दिसतात. गृहिणीच्या नजरेत बहुधा हीच शिळा भरते, आणि तिची निवड चोखंदळ आहे असेच म्हटले पाहिजे. कारण ही शिळा म्हणजे पुष्कळदा ग्रॅनाइट जन्माला येता येता जागच्या जागी थिजून गेलेला खडक असतो. फिनलंडचे भूवैज्ञानिक सेडरहोल्म यांनी १९०७ साली ‘मिश्रण’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ‘मिग्मटाइट’ असे नाव दिले.

ग्रॅनाइट एके काळी द्रवरूप होता, हे स्कॉटलंडच्या जेम्स हटन यांनी १७८५ साली ग्लेन टिल्टच्या दरीत, जुन्या खडकांत घुसलेल्या त्याच्या शिरा पाहून ताडले. परंतु तो द्रव आला कोठून? आपल्या बेळगावच्या बाजूचा काळा बेसाल्ट भूकवचाखालच्या प्रावरणातून वर आलेल्या शिलारसाचा. ग्रॅनाइटइतका सिलिकायुक्त रस तेथून सरळ निघत नाही. झिरपणाऱ्या द्रवांनी घन खडकाचाच, तो न वितळता, ग्रॅनाइट केला असे मानणारा एक मोठा पक्ष होता, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे भांडण हिरिरीने चालले. टटल आणि बोवेन यांचे प्रयोग १९५८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा शिलारसवाद्यांचे पारडे जड झाले.

त्या प्रयोगांचे मर्म घरगुतीच आहे. बर्फात मीठ घातले की तो शून्य अंशाखालीही पाझरू लागतो. क्वार्ट्झ एकटे असेल तर १७०० अंश सेल्सिअसपलीकडे वितळते; पण फेल्डस्पारची संगत, खोलवरचा दाब आणि थोडे पाणी लाभले, की हे मिश्रण ६५० ते ७०० अंशांतच ओलावते. पाणी मोकळे नसले तरी अडत नाही. अभ्रकाच्या घडणीतच ते बांधलेले असते. उष्णता आणखी वाढली की अभ्रक मोडते आणि रस सुटतो. सारा खडक मात्र वितळत नाही. कणांच्या सांध्यांतून फिकट रस घामासारखा पाझरतो. मागे लोह व मॅग्नेशियम धरून बसलेला काळा साका उरतो. मिग्मटाइटच्या गोऱ्या-काळ्या पट्ट्यांचे पुष्कळदा हेच मूळ. रस घन खडकाहून हलका असतो. थेंब जुळून वाटा मोकळ्या झाल्या आणि खडक दाबाखाली पिळला गेला, की तो वर निघतो व वर जाऊन थिजतो. तोच ग्रॅनाइट.

हे सारे एकाच प्रदेशात पाहावयाचे तर कर्नाटकात फार दूर जावे लागत नाही. ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ नावाचा सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा पट्टा उत्तरेस हंपीच्या परिसरापासून दक्षिणेस कब्बालदुर्गापर्यंत, जवळजवळ ४०० किलोमीटर गेला आहे. क्लोजपेट हे रामनगरचे जुने नाव. ते ज्या बॅरी क्लोज यांच्यावरून पडले, त्यांनीच पुढे पुण्याचे रेसिडेंट म्हणून १८०२ साली दुसऱ्या बाजीरावांशी वसईचा तह केला. (‘शोले’तील गब्बरसिंगचे डोंगर ते हेच.)

भूकवचाचा हा तुकडा कालांतराने कलला आणि झिजला. दक्षिणेकडची बाजू अधिक उचलली गेली. त्यामुळे हंपीहून दक्षिणेस निघालेला प्रवासी जमिनीवरूनच चालत असला, तरी वस्तुतः एकेका पायरीने पृथ्वीच्या पोटात उतरत असतो. उत्तरेस वर येऊन थिजलेला ग्रॅनाइट, मधे तो ज्या वाटांनी चढला त्या वाटा, आणि कब्बालदुर्गाजवळ एके काळी वीस-पंचवीस किलोमीटर खोल असलेले मूळ. तेथे सुमारे ३०० कोटी वर्षे जुन्या राखी पट्टिताश्मात गुलाबी शिरा कोठे बोटाएवढ्या, कोठे हातभर रुंद होत एकमेकींना मिळताना दिसतात. तरीही साराच ग्रॅनाइट या पट्टिताश्माच्या घामाचा नव्हे. पुढील संशोधनात असे दिसले की प्रावरणातून आलेल्या रसाचाही त्यात मोठा वाटा आहे; त्याच पाहुण्याने आणलेल्या उष्णतेने यजमानालाही वितळविले. जुन्या भांडणातील कोणताच पक्ष इतका घरोबा कल्पू शकला नव्हता.

गंमत अशी, की हे मूळ उघडे पडले ते बव्हंशी खाणींमुळे. पाऊसपाण्याने काळवंडलेल्या कातळावर शिरा नीट वाचता येत नाहीत. ताज्या कापावर त्या लख्ख उमटतात. कब्बालदुर्गाची खाण याच कारणाने जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक झाली. पण खाणवाल्याला हवे असते तेही तेच नक्षीदार पान. आज उघडा पडलेला काप उद्या फरशा होऊन देशोदेशी जातो, आणि कोणती शीर कोणत्या शिरेला मिळत होती हे पुन्हा जुळविता येत नाही. बेंगळुरूच्या लालबागेतील पट्टिताश्माचा कातळ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून राखला गेला आहे. त्यावर चढून लोक शहराचा देखावा पाहतात. ओट्यावर मात्र शिळेचा एकच हात-दोन हातांचा तुकडा येतो. सकाळचा चहा ठेवताना तिच्यावरील एखादी गुलाबी रेघ बोटाने पुसत न्यावी. ती बहुधा काठापाशी, आणखी रुंद होण्याच्या बेतात, कापलेली आढळेल.