प्रौढ वयातील अक्षरओळख आणि मेंदूतील जोडण्या

मागील घटकात आपण लिपी आणि ध्वनी यांचा संबंध पाहिला. लिपी शिकताना मेंदूत काय घडते, हा त्यापुढचा प्रश्न होय. प्रौढ वयात पुन्हा अभ्यासाला बसलेल्या आपल्याला तो परका वाटू नये.

नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावर उभे राहून एसटीच्या पाटीवरील ‘शिरवळ’ हा शब्द वाचून पाहा. उच्चारात ‘श्’ आधी व ‘इ’ नंतर येते; लेखनात मात्र वेलांटी आधी दिसते. सरावलेल्या वाचकाला हा उलटा क्रम जाणवत नाही, नवसाक्षराला जाणवतो. १९५९ साली साताऱ्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेतील प्रौढांनीही हीच लिपी गिरवली. त्या वेळी त्यांच्या मेंदूत डोकावण्याचे साधन नव्हते.

पुढे मिखाएल स्काइडे, उत्तम कुमार, फाल्क ह्यूटिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी शिकवली. शिक्षणापूर्वी व नंतर त्यांच्या मेंदूचे एमआरआय चित्रण केले. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे ‘जोडणी’ या संज्ञेचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. दोन वाड्यांतील दिवे नेहमी एकदमच जात-येत असतील, तर त्या एकाच डीपीवर असाव्यात, असे आपण तार न पाहताही ताडतो. त्याचप्रमाणे, व्यक्ती स्वस्थ पडून असताना मेंदूच्या दोन भागांतील क्रियेचे चढउतार एकमेकांशी जुळत असतील, तर त्या भागांत कार्यात्मक जोडणी आहे असे मानतात. हे अनुमान आहे. प्रत्यक्ष तंतू त्यात दिसत नाहीत.

शिकलेल्या गटात दृष्टीशी संबंधित बाह्यक आणि मेंदूच्या खोल भागातील थॅलॅमस व मस्तिष्कस्तंभ यांची लय अधिक जुळू लागली. ज्यांच्यात ही जुळणी अधिक वाढली, त्यांचे वाचनही अधिक सुधारले होते. हे खोल भाग उत्क्रांतीच्या दृष्टीने फार जुने असून नजर व अवधान यांच्या नियंत्रणात भाग घेतात. म्हणूनच हा निष्कर्ष अनपेक्षित ठरला. वाचनअक्षमतेचे मूळ थॅलॅमसमधील दोषात असावे, असे काही अभ्यासक मानत. वाचनाच्या सरावानेच तेथील क्रिया बदलत असेल, तर तो दोष कारण की परिणाम, हे पुन्हा तपासावे लागते.

अभ्यासगट लहान होता, अवघा तीस जणांचा. त्यामुळे ‘वाचनाने मेंदू पालटतो’ अशी सरसकट विधाने उत्तरपत्रिकेत लिहू नयेत.

स्वाध्याय: आपल्या गावातील पाच पाट्या उतरवून घ्या. ज्या अक्षरांत लेखनक्रम व उच्चारक्रम भिन्न आहेत, ती अधोरेखित करा.